फोटो काढायला कॉलेज कशाला?

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी, १८५५ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता. हरिश्चंद्र चिंतामणी हे मुंबईतले अगदी सुरुवातीचे भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार. ते याच वर्गात शिकले. म्हणजे या प्रांतात विद्यापीठ येण्याआधी कॅमेऱ्याचं शिक्षण आलं. तरीही आज साताऱ्यात किंवा सांगलीत बारावीच्या मुलाने ‘मला फोटोग्राफीत पदवी करायची आहे’ असं म्हटलं, की घरातून हमखास येणारा प्रश्न ठरलेला : फोटो काढायला कॉलेज कशाला? चौकातल्या स्टुडिओत बस की चार महिने!

प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांनी मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये विज्ञानाचं शिक्षण घेतलं, तिथेच काही काळ शिकवलं, मग ते जाहिरात क्षेत्रात गेले. फोटोग्राफीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कलेचं शिक्षण घेतलं, पण कॅमेरा त्यांना शिकवला माणेकशा व्यारावाला यांनी, पुढे जे त्यांचे पती झाले. २०१८ चं पुलित्झर मिळवणाऱ्या रॉयटर्सच्या चमूतले दानिश सिद्दीकी अर्थशास्त्र शिकले होते आणि नंतर जामिया मिलियातून जनसंवाद. नावाजलेल्या छायाचित्रकारांची यादी करायला बसलं, तर फोटोग्राफीची पदवी असलेले कमीच निघतील. वृत्तपत्राचा संपादक किंवा जाहिरात संस्थेचा आर्ट डायरेक्टर आधी काम बघतो. प्रमाणपत्र बघायची वेळ बहुधा येतच नाही.

मग पदवी हवी कशाला? एक तर परदेशात किंवा अहमदाबादच्या एनआयडीसारख्या डिझाइन संस्थेत पुढचं शिक्षण घ्यायचं तर ती लागते. सरकारी नोकरीसाठी आणि शिकवण्यासाठी कागद लागतो. यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तीन-चार वर्षं मिळतात. त्या काळात गिऱ्हाइकाला काय आवडेल याची फिकीर न करता चुकता येतं, आणि चूक कुठे झाली हे सांगणारं माणूस समोर असतं. स्टुडिओत काम शिकायला मिळतं, पण तिथे मालकाची ऑर्डर आधी आणि शिकणं नंतर. लग्नाच्या दिवशी असिस्टंटला प्रयोग करू देईल असा मालक विरळा.

चित्र आणि कॅमेरा यांचं वेड सातारा-सांगलीला नवं नाही. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, हैदराबाद आणि लाहोर इथे त्यांनी चित्रं आणि फोटो यांचा व्यवसाय केला आणि पुढे ते सातारा जिल्ह्यातल्या औंधला येऊन स्थिरावले. वेदांचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी कॅमेऱ्यावर पोट भरलं होतं हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. चित्रकलेची जाण असलेला माणूस मासिक काढतो तेव्हा पानावर चित्राला मान मिळतो, तसा तो तिथे मिळाला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आजही बघता येतात. फोटोग्राफी शिकू इच्छिणाऱ्या मुलाने कॅमेरा घेण्याआधी तिथे एक दिवस घालवावा. चेहऱ्यावर उजेड एका बाजूने आला की नाकाची सावली कुठे पडते, रेशमी लुगड्याची चमक आणि सुती धोतराचा मऊपणा वेगळा कसा दिसतो, हे तिथल्या तैलचित्रांत डोळ्यांनी मोजता येतं. स्टुडिओतल्या प्रकाशयोजनेचे पहिले धडे हेच असतात.

आता वाटा कोणत्या, ते पाहू. ठोकळमानाने तीन आहेत.

पहिली वाट उपयोजित कलेची, म्हणजे अप्लाइड आर्टमधल्या बी.एफ.ए.ची. चार वर्षांचा हा अभ्यासक्रम चित्रकला, अक्षरकला, जाहिरात, मांडणी या सगळ्यांतून फिरवतो आणि पुढच्या वर्षांत फोटोग्राफी हा खास विषय म्हणून निवडता येतो. मुंबईची सर ज. जी. (म्हणजेच जे. जे.) उपयोजित कला संस्था यातली सर्वांत जुनी आणि नामांकित. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची एएसी सीईटी द्यावी लागते आणि तिच्यात कॅमेऱ्याचं काहीही विचारत नाहीत. तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढावं लागतं. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या मुलांना इथे फायदा होतो. ज्यांनी आठवीनंतर पेन्सिल हातात घेतलेली नाही, त्यांनी वर्षभर सराव करावा. त्यासाठी पुणे गाठायची गरज नाही. सांगलीचं कलाविश्व महाविद्यालय, कोल्हापूरचं दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन अशा चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आणि त्यांत घडलेले कलाशिक्षक जवळच आहेत.

दुसरी वाट फक्त फोटोग्राफीच्या पदवीची. पुण्यात भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ फोटोग्राफी आहे. विद्यापीठाचे संस्थापक पतंगराव कदम सांगली जिल्ह्यातल्या सोनसळचे, त्यामुळे कडेगाव-पलूस भागातल्या घरांना हे नाव परकं नाही. विमाननगरला सिंबायोसिसचं स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स अँड फोटोग्राफी आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादच्या जवाहरलाल नेहरू वास्तुकला आणि ललित कला विद्यापीठात फोटोग्राफीचं बी.एफ.ए. चालतं. या वाटेवर पहिल्या दिवसापासून कॅमेरा हातात असतो. आपल्याला हेच करायचं आहे हे ज्याचं पक्कं ठरलं आहे, त्याच्यासाठी ही वाट सरळ आहे. ज्याचं अजून ठरत नाही त्याच्यासाठी मात्र ती अरुंद.

तिसरी वाट उशिरा सुरू होते. आधी कोणतीही पदवी घ्यायची, तीही गावाजवळच्या कॉलेजात, आणि मग एनआयडीच्या गांधीनगर परिसरात फोटोग्राफी डिझाइनचं एम.डेस. करायचं किंवा पुण्याच्या एफटीआयआयमध्ये सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा. दोन्हीकडे जागा मोजक्या आणि परीक्षा अवघड. पण सातारा-सांगलीच्या मध्यमवर्गीय घराला ही वाट सर्वांत कमी जोखमीची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. एकविसाव्या वर्षी घेतलेला निर्णय अठराव्या वर्षीच्या निर्णयापेक्षा बरा असण्याची शक्यता जास्त.

पैशाची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण फसगत बहुतेक इथेच होते. महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच घरोघरी पोचलं. पण त्या निर्णयातून खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत, आणि फक्त फोटोग्राफीच्या पदव्या देणाऱ्या पुण्यातल्या नावाजलेल्या संस्था बहुतांशी याच वर्गातल्या. म्हणून फॉर्म भरण्याआधी महाडीबीटीच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव दिसतं का, ते स्वतः पाहावं. प्रवेश कक्षातल्या माणसाने फोनवर ‘होईल सगळं’ म्हटलं तर ते कागदावर मागून घ्यावं. जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ती संस्था सरकारी असली तरी तिथल्या प्रवेशाचे आणि शुल्काचे नियम त्या त्या वर्षी ताजे बघणंच शहाणपणाचं.

शुल्काबाहेरचा खर्चही लहान नाही. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, फोटो संपादनाचा भार पेलणारा लॅपटॉप, हार्ड डिस्क, प्रिंट आणि पुण्यातली कॉट बेसिसची खोली. कॅमेरा प्रवेशाआधी घेऊ नये. अनेक संस्था पहिल्या वर्षी स्वतःचं साहित्य वापरू देतात, आणि कोणती जोडणी घ्यायची हे सहा महिन्यांनी जास्त चांगलं कळतं.

पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र यांतला फरकही जाहिरातीत मुद्दाम धूसर ठेवलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने कायद्याने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. एखादी अकादमी ‘इंटरनॅशनल डिग्री’ म्हणत असेल तर ती कोणत्या विद्यापीठाची, हा पहिला प्रश्न. पदविका वाईट असते असं मुळीच नाही. उटीची लाइट अँड लाइफ अकादमी पदवी देत नाही, तरी व्यावसायिक छायाचित्रणात तिचं नाव आदराने घेतात. आयटीआयमध्येही डिजिटल फोटोग्राफर हा एका वर्षाचा ट्रेड आहे आणि त्याचं शुल्क सामान्य घराला झेपणारं असतं. घेतोय ते काय आहे, हे माहीत असलं म्हणजे झालं.

कॉलेज बघायला गेल्यावर काय बघायचं? माहितीपुस्तिकेतले चकचकीत फोटो बाजूला ठेवा. त्यांतले कितीतरी एखाद्या व्यावसायिकाकडून काढून घेतलेले असतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम बघायला मागा. दरवर्षी प्रदर्शन भरतं का, भरत असेल तर सगळ्यांचे फोटो एकसारखे दिसतात की प्रत्येकाचा डोळा वेगळा दिसतो? एकसारखे दिसले तर तिथे नक्कल शिकवली जाते. शिकवणाऱ्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत स्वतः काय केलं, हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. स्टुडिओ किती आहेत यापेक्षा एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास मिळतो, हे विचारा. छपाईची सोय आहे का? मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसणारा फोटो कागदावर आला की त्यातली प्रत्येक चूक उघडी पडते, म्हणून छपाईविना शिकवणारं कॉलेज अर्धं शिकवतं. आणि शेवटचं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून बोला. खरी माहिती तिथे मिळते.

पदवीने नेमकं काय शिकवावं, याचं एक उदाहरण आपल्याच लग्नमंडपातलं घ्या. गोरज मुहूर्त आहे. बाहेरचा उजेड मिनिटागणिक उतरतोय, डोक्यावर लाल-पिवळं कापड, त्यातून गाळून आलेला रंग नवरीच्या गालावर, समोरून एलईडीचा पांढरा झोत आणि मागे पिवळ्या दिव्यांच्या माळा. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. नवशिका शटरचा वेग वाढवतो आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं. वेग एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवला की पट्टे सहसा जातात. आता फ्लॅश. दिवा दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून पुढे उभी करवली पांढरीफटक पडते आणि मागचे मामा काळोखात जातात. स्टुडिओत वाढलेल्या हुशार पोराला यातलं बरंचसं सवयीने जमतं. पण दिवे बदलले, सभागृह बदललं की सवय अडते आणि कारण माहीत असलेला पुढे जातो.

कायदाही तितकाच महत्त्वाचा, आणि तो फार थोड्या ठिकाणी मनापासून शिकवला जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो छायाचित्रकाराचे नसतात, ते त्या घराचे असतात. ते न विचारता स्वतःच्या जाहिरातीत वापरणारे स्टुडिओ गल्लोगल्ली सापडतील. लग्नात ड्रोन उडवणाऱ्यांना २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो ड्रोन सोडलं तर व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं.

शिकून परत आल्यावर काम मिळेल का, हा बापाचा खरा प्रश्न. लग्नसराई आहेच. करिझ्मा अल्बम, कँडिड, प्री-वेडिंग, डोहाळजेवण, बारसं, सगळं आहे. पण त्या कामात गर्दी आहे आणि भाव पाडणारे खूप आहेत. पदवीचा उपयोग होतो तो दुसऱ्या ठिकाणी. सांगली बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगली हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला त्याआधीच, २०१० मध्ये. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यालाही ते २०२४ मध्ये मिळालं. हा माल आता ऑनलाइन विकला जातो आणि ऑनलाइन गिऱ्हाईक फोटो बघूनच घेतं. हळदीचा रंग पडद्यावर खरा दिसायला हवा. तो जरासा केशरी झाला तरी भेसळीची शंका येते. दागिन्यांचं छायाचित्रण त्याहून किचकट, कारण सोनं आरशासारखं असतं आणि त्यात कॅमेरा, दिवा, फोटो काढणारा असे सगळे दिसतात. त्यासाठी दागिन्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू करून उजेड बाहेरून द्यावा लागतो. पु. ना. गाडगीळांची पेढी १८३२ मध्ये सांगलीत सुरू झाली, चितळ्यांचा दूध व्यवसाय १९३९ मध्ये भिलवडीत. या मोठ्या घराण्यांच्या जाहिराती शहरांतून होत असतील, पण सराफकट्ट्यावरच्या आणि औद्योगिक वसाहतीतल्या लहान उद्योगांना असं काम जवळपास करून देणारं माणूस सहज सापडत नाही.

सरकारी बाजूही बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण बंधनकारक केलं, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची, त्या प्रक्रियेच्या चित्रीकरणाची तरतूद केली. पुरावा म्हणून टिकेल असं छायाचित्रण हे स्वतंत्र कौशल्य आहे. पुरातत्त्व खात्यातही छायाचित्रकार लागतात. वाईजवळच्या मेणवलीत ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं आणि पुढेही चित्रपटांची पथकं या भागात येत राहिली. त्यांना स्थानिक सहायक लागतात आणि अशा सेटवर एक महिना काढलेला मुलगा वर्गातल्या एका सत्राइतकं शिकून येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती घालणारे भेटतीलच. एप्रिल २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतलं पारितोषिक नाकारलं, कारण त्यांचं चित्र कॅमेऱ्याने काढलेलंच नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कॅटलॉगचं काही काम जाईल, हे उघड आहे. पण बावधनच्या बगाडावर चढवलेला माणूस, पालच्या यात्रेत उधळलेला भंडारा, २०१९ च्या महापुरात पाण्यात उभी राहिलेली सांगली, हे तिथे हजर असलेल्यालाच टिपता येतं. अभ्यासक्रमात या नव्या साधनांचा विषय आहे का, हे कॉलेजला जरूर विचारावं. नसेल तर तो अभ्यासक्रम जुना झाला आहे.

पोर्टफोलिओ तयार करताना मुलं एक चूक हमखास करतात. कासच्या फुलांचा, सज्जनगडावरच्या धुक्याचा आणि कृष्णेवरच्या सूर्यास्ताचा फोटो त्यात असतोच. निवड समितीने असे हजारो पाहिलेले असतात. त्याऐवजी एका विषयावर टिकून काढलेले पंधरा फोटो ठेवावेत : मिरजेत भोपळ्यापासून तंबोरा घडवणारे हात, सांगलीच्या पेठेतले हळदीचे हमाल, माणच्या चारा छावणीतलं एक कुटुंब किंवा स्वतःची आजी. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘परी’ या संकेतस्थळावर ग्रामीण भारताच्या अशा चित्रकथा मराठीतूनही वाचायला मिळतात. त्या बघून विषय कसा धरायचा ते कळतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही गोष्ट सातारा जिल्ह्याच्या अंगवळणी पाडली. फोटोग्राफीच्या विद्यार्थ्याला ती सहज जमते. कॉलेजला सुट्टी असते तेव्हाच, एप्रिल-मे महिन्यांत, लग्नाचे मुहूर्त दाट असतात. चातुर्मासात लग्नं थांबतात आणि वर्ग भरतात. प्रवेश घेण्याआधीच्या उन्हाळ्यात जवळच्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून राबून पाहावं : दिवा धरावा, केबल गुंडाळावी, रात्री दोनपर्यंत फोटो निवडावेत. त्यानंतरही कॅमेरा हवासा वाटला तर पालकांनी पैसे काढायला हरकत नाही.

खासगी अभिमत विद्यापीठांचे आणि सीईटीचे फॉर्म बारावीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी, बहुधा परीक्षेच्याही आधी सुरू होतात. जूनमध्ये चौकशीला बाहेर पडणाऱ्यांचं वर्ष हुकतं. यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांनी दिवाळी झाली की पुण्याला एक चक्कर मारावी, दोन कॉलेजं आणि एक प्रदर्शन बघावं, आणि येताना शुल्काचा तक्ता संस्थेच्या सहीशिक्क्यानिशी घेऊन यावा.